पाणी सरकारचं, जमीन दुसऱ्याची

अकलूजहून टेंभुर्णीच्या रस्त्याला लागलं, की थोड्याच अंतरावर माळीनगर येतं. साखर कारखान्याचं धुराडं, जुन्या चाळी, शाळा, बाजार आणि सगळीकडे ऊस. सोलापूर जिल्ह्याचं नाव घेतलं की बाहेरच्या माणसाला ज्वारी, चादर आणि उन्हाळा आठवतो. त्याला इथे आणून उभं केलं तर हा सोलापूर जिल्हा आहे यावर त्याचा विश्वास बसणार नाही. शंभर वर्षांपूर्वी मात्र सहज बसला असता, कारण तेव्हा इथे असं काही नव्हतंच. गाव ठरवून वसवलेलं आहे. ते कुणी वसवलं हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. कुणाच्या जमिनीवर वसवलं, हे मात्र सहसा कुणी बोलत नाही. आज मी त्याविषयी बोलणार आहे.

इंग्रजांनी जमिनी देऊन गावं वसवली, असं म्हटलं की इतिहासाच्या पुस्तकात पंजाब येतो. चिनाब नदीचे कालवे काढले, सरकारी पडीक म्हणून नोंदलेल्या रानाचे चौकोन आखले आणि ते लोकांना वाटले. त्यातून लायलपूर उभं राहिलं. मधोमध घंटाघर आणि त्यातून निघणारे आठ बाजार. पंजाबचे लेफ्टनंट गव्हर्नर जेम्स लायल यांचं नाव गावाला दिलं गेलं. त्या रानात आधी गुरं चारणारे लोक होते, पण त्यांच्याकडे कागद नव्हता. कागद नसला की जमीन मोकळी समजायची, ही सरकारी रीत.

आपल्याकडे मात्र हे जमण्यासारखं नव्हतं, कारण आपल्याकडे कागद होता. १८३५-३६ च्या सुमाराला गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन साहेबांनी नीरा नदीपलीकडच्या इंदापूर तालुक्यात नवी मोजणी सुरू केली. त्याआधीची प्रिंगल साहेबाची आकारणी इतकी जड झाली होती, की लोक शेतं टाकून निघून गेले होते. नव्या पद्धतीत प्रत्येक शेताला नंबर, प्रत्येक नंबराला आकार आणि तो आकार तीस वर्षं कायम. ही मोजणी पुढे सोलापूरच्या तालुक्यांत आली आणि मग सगळ्या मुंबई इलाख्यात गेली. म्हणजे नीरेच्या काठी कसण्याजोगी बहुतेक जमीन कुणाच्या तरी नावावर होती. सरकारने उठून कुणाला जमीन बक्षीस द्यावी, अशी इथे सोयच नव्हती.

मग सरकारने दिलं काय? पाणी दिलं. आणि माझं म्हणणं असं, की इथे जमिनीचा खरा वाटा त्या पाण्यातूनच पडला.

१८७६ चा दुष्काळ सोलापूर जिल्ह्याच्या वाट्याला फार वाईट आला. दुष्काळी कामं निघाली, त्यांत नीरेच्या डाव्या कालव्याचं काम होतं. भोर संस्थानच्या हद्दीत भाटघरला धरण झालं आणि १८८५ च्या सुमाराला डाव्या कालव्याचं पाणी बारामतीकडे वाहू लागलं. सरकारी हिशेब असा होता, की पाणी आलं म्हणजे शेतकरी ते घेईल, पाणीपट्टी भरेल आणि खर्च निघेल. शेतकरी पाणी घेईना. घेणार कसा? पाऊस बरा झाला तर ज्वारीला पाणी लागत नाही, आणि पाणीपट्टी तर रोख भरायची. दुष्काळ पडला की सगळे एकदम कालव्यावर धावायचे आणि पाऊस झाला की कालवा तसाच वाहत राहायचा. ज्यांनी ऊस लावला त्यांनी पाणी इतकं सोडलं, की जमिनी चोपण झाल्या.

पुढे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याला कार्यकारी अभियंता म्हणून आले. त्यांनी नीरेच्या पट्ट्यात ब्लॉक पद्धत आणली. ठरावीक जमिनीचा ब्लॉक पाडायचा, त्यातल्या एका हिश्शात ऊस, उरलेल्यात हंगामी पिकं, आणि काही वर्षांसाठी पाण्याची हमी. त्यांच्या मनात होतं, की कालव्याचा लाभ एकाच जागी न साचता अनेक गावांत पसरावा. हे वाक्य जरा ध्यानात ठेवा. पुढे जे घडलं ते जवळजवळ याच्या उलट होतं.

आता सासवडच्या माळ्यांकडे येऊ. गिरमे, बोरावके ही त्यांतली आपल्याला माहीत असलेली आडनावं. कऱ्हेच्या काठी विहिरीवर बागाईत करणारी ही माणसं. उसाचं, गुळाचं, भाजीचं ज्ञान त्यांच्या हातात होतं. नीरेचा डावा कालवा आला तसे ते बारामतीकडे सरकले, गोदावरीचे कालवे झाले तसे कोपरगावकडे गेले. जिथे पाणी तिथे माळी. स्वतःची जमीन तिथे नसायची, म्हणून स्थानिक शेतकऱ्याची जमीन खंडाने घ्यायची. ऊस हे गरिबाचं पीक नाही. आडसाली ऊस लावला तर दीड वर्ष पैसा अडकतो. बेणं, पेंड, पाणीपट्टी, खुरपणीच्या बायांची मजुरी, गुऱ्हाळाची काहील, चुलवाण पेटतं ठेवणारी माणसं, हे सगळं आधी खर्चायचं आणि नंतर गुळाच्या ढेपा बाजारात कुठल्या भावाने जातील ते देवाला ठाऊक. स्थानिक कुणब्याला हे झेपत नव्हतं. माळ्याला झेपत होतं, कारण त्याच्यामागे भावकीचा पैसा होता आणि पिढ्यांची नजर होती. शेतात उभं राहून उसाला आज पाणी हवं की चार दिवसांनी, हे सांगणारा माणूस कुठल्या शाळेत तयार होत नाही. त्यांचं हे कर्तृत्व मला मनापासून मोठं वाटतं, हे आधी सांगतो, कारण पुढचं ऐकून कुणाचा गैरसमज व्हायला नको.

१९२८ साली भाटघरला नवं, मोठं लॉईड धरण पूर्ण झालं. वीरपासून निघणारा नीरेचा उजवा कालवा फलटण ओलांडून माळशिरस तालुक्यात आला आणि पुढे पंढरपूरच्या दिशेने गेला. ज्या माळरानावर कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं, तिथे पाटाचं पाणी दिसू लागलं. सरकारने प्रचंड पैसा घातला होता आणि तो वसूल करायचा तर पाण्याला कायमचं, मोठं गिऱ्हाईक हवं होतं. हजार शेतकऱ्यांच्या दारी पाणीपट्टीसाठी फिरण्यापेक्षा एका कारखान्याशी करार केलेला बरा, असा विचार कालवा खात्याच्या मनात आला असेल तर त्यात नवल नाही.

त्याच सुमाराला जगभर मंदी आली. गुळाचे भाव कोसळले. माळी बागाइतदार पेचात सापडले. आणि १९३२ साली दिल्लीच्या सरकारने साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा केला. जावाहून येणाऱ्या साखरेवर जबर जकात बसली. देशात तेव्हा तीसेक साखर कारखाने होते, ते चारएक वर्षांत १३० च्या वर गेले. सासवडच्या माळ्यांनी वेळ ओळखली. आपापसांत भाग घेतले, भांडवल गोळा केलं आणि १९३२ सालीच ‘सासवड माळी शुगर फॅक्टरी’ नावाची कंपनी काढली. शेतकऱ्यांनी स्वतः भांडवल घालून काढलेला हा पहिलाच साखर कारखाना, असं त्याच्याविषयी सांगतात. सहकारी कारखान्यांचं नाव महाराष्ट्रात निघण्याआधी पंधरा-वीस वर्षांची ही गोष्ट आहे. गुऱ्हाळावर काहिलीतला रस ढवळणाऱ्या घरांतली माणसं संचालक म्हणून सभेत बसली. माळीनगर उभं राहिलं ते असं.

नीरेच्या पलीकडे, इंदापूर तालुक्यातल्या कळंबला, साधारण याच वेळी दुसरं नगर, वालचंदनगर, उभं राहत होतं. त्यामागचा माणूस आपल्या सोलापूरचा. वालचंद हिराचंद दोशी, जन्म १८८२.

या कारखान्यांना उसासाठी जमीन मिळाली कशी? सरकारने कंपनीसाठी सरळ जमीन मिळवून दिल्याचं उदाहरण हवं असेल तर नगर जिल्ह्यात जावं लागेल. श्रीरामपूरजवळ हरेगावला १९१८ च्या सुमाराला सरकारने शेतकऱ्यांच्या सात हजार एकरांहून अधिक जमिनी ताब्यात घेतल्या आणि त्या ब्रॅडी या इंग्रज पेढीच्या बेलापूर कंपनीला दिल्या. ‘आकारी पडीत’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जमिनींचा वाद पुढे कित्येक दशकं चालला. माळशिरसात इतकी जबरदस्ती करावी लागली नाही. इथे काम खंडाच्या कागदावर भागलं.

हा कागद समजून घेतला पाहिजे. कुठल्या तरी वस्तीवरचा शेतकरी. चाळीस एकर कोरडवाहू, डोक्यावर सावकाराचं कर्ज, चार वर्षांत एकदा धड पीक. कालवा त्याच्या बांधावरून जातो, पण रान सपाट करायला, चर खोदायला, उसाला पेंड घालायला त्याच्याकडे पैसा नाही. कारखान्याचा माणूस येतो आणि म्हणतो, जमीन आम्हाला दीर्घ मुदतीने द्या, दर वर्षी इतके रुपये खंड घरबसल्या मिळेल. मंदीच्या दिवसांत रोख पैसा म्हणजे केवढी गोष्ट! त्याने अंगठा उठवला. फसवणूक झाली असं मी म्हणणार नाही, त्या दिवशी तो सौदा त्याला चांगलाच वाटला असणार. पण खंड ठरला होता ज्वारीच्या रानाचा आणि पुढे तिथे पिकला ऊस. बांध मोडले, विहिरी बुजल्या, शेकडो नंबर एक होऊन कारखान्याचा मळा झाला. त्या मळ्यावर आपल्याच जुन्या शेतात रोजाने खुरपायला गेलेल्या माणसांच्या हकिगती या भागात घरोघर ऐकायला मिळतात.

स्वराज्य आलं. १९४८ साली मुंबई राज्याचा कूळकायदा आला. कसेल त्याची जमीन! हा कायदा केला होता गरीब कुळाला श्रीमंत मालकापासून वाचवण्यासाठी. आता माळशिरसात पाहा काय चित्र होतं. इथे कूळ होतं कंपनी, आणि मालक होता फाटक्या धोतरातला शेतकरी. कायदा सरळ लावला असता तर कंपनीच जमिनीची मालक झाली असती. ते टळलं, कारण उसासाठी आणि उद्योगांसाठी खंडाने दिलेल्या जमिनींना कायद्यात वेगळं काढलं गेलं. पण मालकाला त्याची जमीन परत मिळाली, असंही झालं नाही. कायदा त्याला ओलांडून पुढे गेला.

मग १९६१ चा कमाल जमीन धारणेचा कायदा आला आणि २६ जानेवारी १९६२ पासून लागू झाला. कारखान्यांच्या ताब्यातल्या हजारो एकरांना कात्री लागली. शेतकऱ्यांना वाटलं, आता आपलं रान आपल्याला मिळणार. पण कायद्यात एक कलम होतं. कारखान्याला उसाचा पुरवठा तुटू नये म्हणून हे सलग मळे फोडायचे नाहीत, ते सरकारी महामंडळाने कसायचे. १९६३ साली महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ निघालं. हरेगाव, रत्नपुरी, सदाशिवनगर, माळीनगर असे मळे त्याच्याकडे गेले. जमीन कंपनीकडून निघाली ती सरकारकडे थांबली. महामंडळ पुढे तोट्यात गेलं, कामगारांचे पगार थकले, मोठमोठे मळे पडीक पडले. पडीक रानाच्या कुंपणाबाहेर मूळ मालकाची नातवंडं उभी होती.

त्यांनाच आज आपण खंडकरी शेतकरी म्हणतो. त्यांची चळवळ दीर्घकाळ चालली. मोर्चे निघाले, कोर्टकज्जे झाले, कायद्यात दुरुस्त्या झाल्या आणि २०१२ पासून जमिनीचं वाटप प्रत्यक्षात सुरू झालं. तोवर ज्यांनी कागदावर अंगठा उठवला होता, ते बहुतेक गेले होते. वारसांची यादी लांबली होती. एका नावाखाली दहा-पंधरा नावं, त्यांतली काही पुण्या-मुंबईत, काही कुठे आहेत ते भावकीलाही माहीत नाही. आणि कमाल धारणेच्या हिशेबात जेवढी बसली तेवढीच जमीन.

वाटपाच्या सातबाऱ्यावर आणखी एक गंमत होती. ही जमीन वारसांना मिळाली ती भोगवटादार वर्ग दोन म्हणून. म्हणजे सरकारने दिलेली जमीन, सरकारच्या परवानगीशिवाय विकता येणार नाही. गोल्डस्मिड-विंगेटच्या मोजणीपासून जे शेत घराण्याच्या नावावर होतं, तेच नातवाला सरकारी देणगी म्हणून मिळालं. ती वर्ग एक करून द्या, यासाठी पुन्हा निवेदनं, पुन्हा तहसीलच्या फेऱ्या. अलीकडच्या काळात सरकारने ती मागणी मान्य केली, आणि त्या फेरफारांच्या नोंदी एकेक करून होऊ लागल्या.