सूचना लिहिणारा माणूस



या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी सतरंजीवर बसून ऐकावे, हाच रिवाज. आमची शाळा आठवीत सुटली; पुढचे शिकणे कारखान्यात आणि युनियनच्या कचेरीत झाले. म्हणून विषयही कारखान्यातलाच घेतला आहे. यंत्र कसे चालवावे हे लिहून देणारा जो माणूस, ज्यास आज टेक्निकल रायटर म्हणतात, तो नेमका कोणाचा?

आम्ही कामाला लागलो तेव्हा खात्यात एक जुना पॉवर प्रेस होता. मोटर बंद केली तरी त्याचे जड चाक काही वेळ फिरत राही. एका दुपारी आमच्या सोबत्याने मोटर बंद केली आणि अडकलेला पत्रा काढण्यास हात घातला. पाय चुकून पेडलवर पडला आणि दोन बोटे गेली. साहेब म्हणाले, "मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिले आहे." लिहिले होते खरे; पण इंग्रजीत, आणि मॅन्युअल साहेबांच्या कपाटात कुलूपबंद! आम्ही चारजणांनी डिक्शनरी घेऊन ते वाक्य लावले आणि रंगाने प्रेसवर लिहिले: 'चाक पूर्ण थांबल्याशिवाय हात घालू नका.' आमचे पहिले लेखन ते हेच.

हा धंदा जुना आहे. इंग्रज कवी चॉसर याने १३९१ च्या सुमारास ॲस्ट्रोलेब या ग्रहतारे मोजण्याच्या यंत्राची माहिती आपल्या दहा वर्षांच्या मुलासाठी लिहिली; मुलाला लॅटिन पुरते येत नव्हते, म्हणून साध्या इंग्रजीत लिहिली. वाचणाऱ्याची भाषा धरावी, हा धडा तिथेच मिळतो. पुढे १९४९ साली अमेरिकेत जोसेफ चॅपलीन याने बायनॅक या संगणकाची पुस्तिका लिहिली. संगणकाच्या अगदी आरंभीच्या पुस्तिकांत ती गणली जाते. १९५३ पासून या लेखकांच्या संस्था तिकडे उभ्या राहिल्या. नावेही पालटत गेली: कोणी 'कम्युनिकेटर' झाले, कोणी 'इन्फर्मेशन डिझायनर'. पण त्या परंपरेतली मोठी अमेरिकन संस्था २०२५ च्या जानेवारीत दिवाळे काढून बंद पडली. नाव मोठे झाले म्हणून पाय भक्कम होतात, असे नाही.

लेखकास पाय कशाने येतात? थेरॅक-२५ हे कर्करोगावर किरणोपचार करणारे यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडात त्याच्या सहा अपघातांत रोग्यांना भयंकर मात्रा बसली, काही दगावले. मूळ दोष यंत्राच्या रचनेत आणि त्याच्या प्रोग्रॅममध्ये होता. परंतु पडद्यावर 'मॅलफंक्शन ५४' असे उमटे, आणि चालवणाऱ्याच्या पुस्तिकेत त्याचा अर्थच नव्हता! असल्या सूचना रोजच्याच; म्हणून चालवणारी व्यक्ती बटण दाबून काम पुढे नेई. आमचे म्हणणे इतकेच की, "या आकड्याचा अर्थ काय? तो दिसल्यावर माणसाने करावे काय?" असे हट्टाने विचारणारा आणि उत्तर मिळेपर्यंत यंत्र अडवून धरू शकणारा लेखक तिथे हवा होता.

२०२२ च्या अखेरीपासून लिहिणारी यंत्रेच सर्वांच्या हाती आली. हिंजवडीतली लिहिणारी मुले आम्हांस विचारतात, "काका, आमचे काय होणार?" आम्ही त्यांस खोटा धीर देत नाही. नुसती वाक्ये जुळवणे हेच ज्याचे काम, त्याची जागा धोक्यात आहे. पण खात्यात उतरून, चालवणाऱ्याला विचारून, चुकीच्या सूचनेवर सही करण्यास नकार देणे, ही जबाबदारी यंत्र घेत नाही. आणि असा नकार एकट्याने देता येत नाही, नोकरी जाते. त्यासाठी पाठीशी संघटना लागते. टाय लावला तरी तोही कामगारच, हे त्याने ओळखावे आणि आम्हीही ओळखावे.

त्या प्रेसवरची अक्षरे पुढे पुसट झाली, तेव्हा दुसऱ्यांदा रंगवण्यास तो बोटे गेलेला सोबतीच पुढे आला. उरलेल्या तीन बोटांत त्याने ब्रश धरला होता. सूचना कोणासाठी लिहायची असते, हे आम्ही त्याच्याकडून शिकलो.