काच कापली म्हणजे हिरा नव्हे



गेल्या उन्हाळ्यात आमच्या बचत गटातल्या एका काकूंच्या विहिरीचं काम चालू होतं. काळा पाषाण फोडताना आत एक पोकळी लागली. तिच्यात पाण्यासारखे स्वच्छ खडे चमकत होते. दोन दिवसांत एक अनोळखी माणूस दारात हजर. त्यानं खडा आरशावर ओढला, काचेवर ओरखडा उठला. म्हणाला, "मावशी, हा हिरा आहे. तपासणीचे ५,००० रुपये द्या, लाखात विकून देतो." काकू गटाकडे कर्ज मागायला आल्या. आम्ही म्हटलं, थांबा, आधी दगड ओळखू.

हे खडे आले कुठून? आपल्याकडचा काळा पाषाण म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थंड झालेला लाव्हा. ढोकळ्याला जाळी पडते, तशा त्यात वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढे गरम पाणी खडकातून झिरपलं. त्यात विरघळलेली खनिजं पोकळीत हळूहळू साठत गेली आणि खडे वाढले. पाकात खडीसाखर धरते ना, तसंच.

हिरा असा घडत नाही. तो जमिनीखाली दीडशे किलोमीटर किंवा त्याहूनही खोल, प्रचंड दाबाखाली तयार होतो. मध्य प्रदेशात पन्ना इथे हिऱ्याची खाण आहे, पण तिथला खडक वेगळा.

मग काच कशी कापली? मोस नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १८१२ मध्ये खनिजांच्या कडकपणाच्या दहा पायऱ्या ठरवल्या. त्या मापानं आपलं नख अडीच, काच साडेपाच, गारगोटी सात आणि हिरा दहा. म्हणजे काच तर साधी गारगोटीही कापते!

आम्ही खड्याचा तुटका तुकडा घेतला आणि शेतातल्या गारगोटीचं टोक त्यावर जोरानं ओढलं. बोटानं पुसलं तरी ओरखडा राहिला. हिऱ्यावर गारगोटीचा ओरखडा उठत नाही. शिवाय खड्याला सहा बाजू आणि वर टोक. ही गारगोटीचीच खूण.

त्याच पोकळीत काही दुधी खडेही होते. ते चाकूनं सहज ओरखडले, फुटताना तिरक्या कडांचे तुकडे झाले. त्यांच्या भुकटीवर लिंबू पिळलं, तर बारीक फेस आला. ते कॅल्साइट. आपली चुनखडी याच खनिजाची बनते.

कधी सोन्यासारखा पिवळा खडा सापडला, तर फरशीच्या खरखरीत पाठीवर घासून पाहा. सोन्याची रेघ पिवळी उमटते, पायराइटची हिरवट काळी.

एक मात्र सांभाळा. परीक्षा तुटक्या तुकड्यावरच करा. अख्खा गुच्छ फोडू नका, हौशी संग्राहक तोच शोधतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात असेच गुच्छ मांडून ठेवले आहेत. आणि सुरुंग उडाल्यावर खड्यांच्या मोहानं लगेच विहिरीत उतरू नका.

तो माणूस पुन्हा आला तेव्हा आम्ही दहाजणी ओसरीवर बसलो होतो. काकूंनी त्याच्यासमोर शेतातली गारगोटी आरशावर ओढली आणि विचारलं, "भाऊ, मग हाही हिराच का?" तो चहालाही थांबला नाही. काकूंचे ५,००० रुपये वाचले, आणि गुच्छ त्यांच्या देवळीत आहे.