आपल्याविषयी सांगा

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



शाळेचा गौरव माझ्याआधीच्या वक्त्यांनी मनापासून केला आहे. मी आज एका साध्या प्रश्नाविषयी बोलणार आहे. नोकरीच्या मुलाखतीत बहुधा तोच सर्वांत आधी विचारला जातो : 'आपल्याविषयी सांगा.'

आपल्या बडोद्यात या प्रश्नाची एक जुनी आठवण सांगतात. 1875 साली नाशिककडील कवळाणे या खेड्यातून काही मुलांना येथे आणले गेले. त्यांतून गादीसाठी दत्तक निवडायचा होता. 'येथे कशासाठी आलात?' असे मुलांना विचारले गेले, तेव्हा बारा वर्षांच्या गोपाळरावाने 'राज्य करायला' असे उत्तर दिले, अशी आख्यायिका आहे. तेच पुढे महाराजा सयाजीराव झाले. मला त्या कथेतील धिटाईपेक्षा पुढचा भाग मोलाचा वाटतो. त्या मुलाचे शिक्षण खऱ्या अर्थाने सुरू झाले ते बडोद्यात आल्यावर. 1906 साली त्यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. उत्तर क्षणात देता आले, ते खरे करण्यास मात्र आयुष्य वेचावे लागले.

आता माझ्या पहिल्या मुलाखतीविषयी सांगते. बी.एड. होऊन मी याच शहरातील एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मुलाखतीस गेले होते. आपल्याविषयी सांगा, असे म्हटल्याबरोबर मी नाव, वडिलांचा व्यवसाय, पत्ता आणि दहावीपासूनचे सगळे गुण एका दमात म्हणून दाखवले. ते सारे त्यांच्यासमोरच्या अर्जात लिहिलेलेच होते. मग एकाने सहज विचारले, 'शालेय शिक्षण कोठे झाले?' मी उत्तरले, 'जुन्या शहरातील एका शाळेत.' शाळेचे नाव मी घेतले नाही आणि माध्यमही सांगितले नाही. माझी निवड झाली नाही. त्यात त्यांची काही चूक होती, असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. संध्याकाळी याच शाळेतील माझ्या बाईंना भेटले. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, 'आमच्याविषयी काय सांगितलेस?' मला उत्तर देता आले नाही.

हा प्रसंग मी आजवर कोठे बोलले नव्हते. आज बोलते, कारण गेल्या वर्षी आपला एक माजी विद्यार्थी मुलाखतीची तयारी करण्यासाठी माझ्याकडे आला. वाणिज्य पदवीधर, करसल्लागाराच्या कार्यालयात दोन वर्षांचा अनुभव. त्याचा परिचयपत्राचा कागद मी वाचला. महाविद्यालयाचे नाव होते, संगणकाचे अभ्यासक्रम होते, शाळेची ओळ मात्र गाळलेली होती. मी त्याला रागावले नाही. रागावण्याचा अधिकार मला कोठे होता?

आम्ही त्या संध्याकाळी एकत्र बसलो. तो पाठ केलेले बोलू लागला : 'मी मेहनती आहे, प्रामाणिक आहे, संघात काम करू शकतो.' मी म्हटले, 'हे प्रत्येक उमेदवार म्हणतो. तू त्या कार्यालयात दर महिन्याला काय करत होतास, ते सांग.' तेव्हा तो खुलला. जीएसटीचे मासिक विवरण 11 तारखेच्या आत भरायचे असते. त्याआधी ग्राहकांकडून विक्रीची बिले गोळा करण्याचे काम त्याच्याकडे होते. खरेदीची बिले आणि पोर्टलवरील नोंदी यांचा मेळ बसला नाही, तर पुरवठादारांना दूरध्वनी करून चूक शोधणेही त्याच्याकडेच होते. व्यापाऱ्यांशी तो गुजरातीत बोले, बाहेरगावच्या पुरवठादारांशी हिंदीत, आणि पत्रव्यवहार इंग्रजीत करी. मी म्हटले, 'अरे, हीच तुझी ओळख! मेहनती हा शब्द तू उच्चारलाही नाहीस, तरी मला तो ऐकू आला.'

मग आम्ही दीड-दोन मिनिटांचे निवेदन तयार केले. आधी, सध्या मी काय करतो. नंतर, केलेल्या कामाचे एकच उदाहरण, पण तपशिलासह. शेवटी, हे काम मला का हवे आहे आणि येथे माझा काय उपयोग होईल. घरची माहिती, छंद आणि गुण विचारले तरच. निवेदन शब्दशः पाठ करायचे नाही, कारण एक शब्द निसटला की सगळी माळ ओघळते. केवळ मुद्दे लक्षात ठेवायचे आणि घरी मोठ्याने, दोन-तीन वेळा, निरनिराळ्या शब्दांत बोलून पाहायचे. इंग्रजीत अडखळलो, तर घाबरून गप्प बसायचे नाही. 'हे वाक्य मी हिंदीत पूर्ण करू का?' असे नम्रपणे विचारायचे. जे येत नाही, ते येत नाही असे सांगायचे.

आणि शाळा? ती ओळ त्याने स्वतःच्या हाताने पुन्हा लिहिली. पहिल्या ठिकाणी त्याला नोकरी मिळाली नाही, दुसऱ्या ठिकाणीही नाही. तिसऱ्या ठिकाणी एकाने विचारले, 'मराठी शाळेत शिकूनही गुजराती इतके चांगले कसे?' तो म्हणाला, 'आमच्या शाळेतून बाहेर पडताना मुलाला चार भाषा येतात.' तेथे त्याची निवड झाली. केवळ या उत्तरामुळे झाली, असे मी म्हणणार नाही. पण ते उत्तर देताना त्याची मान खाली नव्हती, असे त्याने मला येऊन सांगितले.

पालकांना एक विनंती. पाहुणे आले की आपण मुलाला म्हणतो, 'काकांना कविता म्हणून दाखव.' त्याऐवजी कधी विचारा, 'आज तू स्वतः काय केलेस?' आणि त्याचे उत्तर पुरे होईपर्यंत थांबा. स्वतःविषयी खरे आणि नेमके बोलण्याची सवय मुलाखतीच्या आदल्या रात्री लागत नाही. ती घरात लागते, परिपाठाच्या वेळी पाच वाक्ये बोलताना लागते.

माझ्या बाई आज हयात नाहीत. 'आमच्याविषयी काय सांगितलेस?' या त्यांच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला तीस वर्षे लागली. ते आज या व्यासपीठावरून, तुम्हा सर्वांच्या साक्षीने देते : बाई, मी मराठी माध्यमात शिकले, याच शाळेत शिकले, आणि येथेच शिकवते.