मला का नाही बोलावलं?

(व्याख्यानमालेतील व्याख्यान, यावल)

एवढ्या उकाड्यात केळीबागांना पाणी देऊन आलेल्या यावलकर मंडळींनो,

स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, काय असते हे तुम्ही ऐकून आहात. त्यात वेळ घालवत नाही. मी एकच सांगायला आले आहे. ‘स्वमग्न’ या शब्दानेच आपली फसगत केली आहे. ही मुलं स्वतःत रमलेली नसतात. त्यांना माणसं हवी असतात, आणि हुशार मुलांच्या बाबतीत ते आपल्याला सगळ्यात उशिरा कळतं.

आधी देवळालीला जाऊ. तिथले शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. चार आकडी संख्या सांगा कुणीतरी. ‘एकोणीसशे छत्तीस!’ वा, आपल्या फैजपूर काँग्रेस अधिवेशनाचं साल! (टाळ्या) अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या, आणि वजा करा. ९६३१ वजा १३६९, ८२६२. पुन्हा तसंच: ६३५४. मग ३०८७. मग ८३५२. आणि आता? पुढच्या रांगेतल्या ताईंचं आधीच झालंय! (हशा) ६१७४. चारही अंक सारखे नसले, तर कुठलीही संख्या सात पायऱ्यांच्या आत इथेच येते. १९७५ साली लेखक मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या एका मासिकात यावर लिहिलं, तेव्हा या मास्तरांचं नाव जगभर झालं. ते स्वमग्न होते असं मी म्हणत नाही. गेलेल्या माणसाचं निदान करू नये. पण आकड्यांत बुडालेला हा माणूस शाळा-कॉलेजांत जाऊन आकड्यांच्या गमती सांगत असे. बुडालेल्यालाही ऐकणारं कुणीतरी लागतं.

आता माझा मुलगा. तो स्वमग्न आहे. चौथीत असताना केळीचे भाव तारखेनिशी पाठ. ‘एवढे मार्क पडतात, याला काय झालंय?’ असं सगळे म्हणत, आणि मलाही ते ऐकायला बरं वाटे. एकदा त्याच्या वहीचं मागचं पान उघडलं. त्यावर लिहिलं होतं: ‘मधली सुट्टी. १. डब्यात काय आणलंय विचारायचं. २. मॅच कोण जिंकलं विचारायचं. ३. हसायचं.’

(सभागृहात शांतता)

मागून कुणी म्हणालं, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. होतं, दादा. डॉक्टर लिओ कॅनर यांनी १९४३ सालीच ते लिहून ठेवलंय. आपण अशा पोराला एककल्ली म्हणून सोडून देत होतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे, परीक्षेत जादा वेळ मिळतो. सोबत मात्र कायद्याने मिळत नाही. स्वतः स्वमग्न असलेले इंग्लंडचे समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली मांडलं की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. मग शिकायचं एकट्या पोरानेच का?

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. बरंच राहिलं, पण श्रावणातल्या कानबाईच्या सणाचं सांगतेच.

एका वर्षी सणाची वाजंत्री सुरू झाली आणि तो कानात बोटं घालून आतल्या खोलीत गेला. आम्ही म्हटलं, राहू दे, त्याला तिथेच बरं वाटतं. दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, ‘मला का नाही बोलावलं?’

पुढच्या श्रावणात कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू मोजायचं काम त्याला दिलं. वाजंत्री यायच्या आधी, शांतपणे, माणशी हिशोबाने. चुलत भावांनी त्याला विचारून विचारून परडी भरली. संध्याकाळी पंगतीत त्याच्या शेजारी दोघं येऊन बसले. त्या दिवशी त्याला वहीचं पान लागलं नाही.

येत्या श्रावणात तुमच्या वाड्यातल्या अशा पोराला एक काम द्या, आणि हाक मारा.