सरळ विचारा

एका रविवारी रूममेटने त्याचा लाडका मेकॅनिकल कीबोर्ड मला देऊन टाकला. "ठेव तुला, मला आता काय करायचाय?" आठवडाभर झोप नव्हती, आणि त्या दिवशी एकदम शांत. आधी वाटलं, सावरला. पण ते वाक्य खटकलं.

रात्री विचारलंच, "जीव द्यायचा विचार येतोय का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. तो रडला. मी उपदेश केला नाही (खरं तर सुचलाच नाही), नुसता सोबत बसलो. मग १४४१६ वर, टेलि-मानसला फोन लावला. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. "घरी सांगू नकोस" म्हणाला. ते वचन मी दिलं नाही. सकाळी त्याच्या ताईला कळवलं. दुपारपर्यंत ती पोचलीसुद्धा.