दूरदेशच्या न्यायालयाचा हुकूम



ज्युबिलीच्या दिवशीं फादर कायद्यावर कां बोलतात, असें कोणाच्या मनांत येईल. परंतु बोदलकसा येथून पोटासाठीं कोणी कितीहि दूर गेला, तरी त्याचें विवाहबंधन त्याच्याबरोबरच जातें. दोन देशांचे कायदे एका कुटुंबावर हक्क सांगूं लागले म्हणजे कोणता मानावा, हें ठरविणाऱ्या शास्त्रास खासगी आंतरराष्ट्रीय कायदा म्हणतात. नांव जड आहे, पण प्रसंग घरचा आहे.

पंजाबांतील जालंदर येथें १९५५ सालीं एक विवाह झाला. पति १९५९ मध्यें विद्येसाठीं अमेरिकेस गेला. पत्नी दोन मुलांसह येथेंच राहिली. पुढें तिनें पोटगी मागितली, तेव्हां त्यानें नेवाडा राज्यांतील न्यायालयाचा, ३० डिसेंबर १९६४ चा घटस्फोटाचा हुकूम पुढें केला. त्याची नोकरी युटा राज्यांत. नेवाड्यास तो हुकुमापुरताच गेलेला! खालच्या न्यायालयानें पोटगी दिली, उच्च न्यायालयानें ती काढून घेतली.

सर्वोच्च न्यायालयाचा १९७४ चा निकाल पुण्यांत जन्मलेले न्यायमूर्ति यशवंत विष्णु चंद्रचूड यांनीं लिहिला. १९४९ ते १९५२ पर्यंत ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजांत अध्यापनहि करीत, आणि त्या निकालांत शिकविणाऱ्याचा हात मला तरी दिसतो. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचें तेरावें कलम उलगडून त्यांनीं दाखविलें कीं, खोटें वास्तव्य भासवून मिळविलेला परदेशी हुकूम येथें बंधनकारक नाहीं. इतर देशांचे नियम आपण डोळे मिटून उचलूं नयेत, असेंहि त्यांनीं बजावलें. बाईचा पोटगीचा हक्क कायम राहिला.

१९९१ मध्यें न्यायमूर्ति पी. बी. सावंत यांनीं मिसूरीच्या एका हुकुमासंबंधीं आणखी स्पष्ट सांगितलें: ज्या कायद्यानें विवाह झाला, त्या कायद्यानें मानलेलें न्यायालय व त्यांतलेंच कारण हवें, पत्नीनें आपखुषीनें तेथील अधिकार मान्य केला असल्यास गोष्ट निराळी. नुसती नोटीस पोंचली एवढ्यानें भागत नाहीं. तिकिटाचे पैसे नसलेल्या स्त्रीनें मिसूरी गांठावी कशी?

आपल्यांत आणखी एक समज आहे कीं, धर्मप्रांतीय न्यायसभेनें विवाह रद्दबातल ठरविला म्हणजे सरकारदरबारींहि काम झालें. तसें नाहीं, सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालींच तें सांगितलें आहे. दिवाणी न्यायालयाचा निकाल निराळा मिळवावा लागतो.

तेव्हां परदेशाहून असा कागद कोणा बहिणीच्या हातीं आला, तर तिनें रडत बसूं नये, कीं घाईनें सहीहि करूं नये. पाकीट जपून ठेवावें, मिळाल्याची तारीख लिहावी, आणि कागद गोंदियास वकिलाकडे न्यावा. सोबत कोणी नसेल तर मी येईन.