मुंबईला आलेली चित्रकर्ती

मंडळी, आपले वाशीम म्हणजे जुने वत्सगुल्म. इथल्या वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात अजिंठ्याचे सोळावे लेणे करविले. त्याचे नाव तिथे दगडात कोरले आहे. भिंती रंगविणाऱ्यांचे मात्र नाव कोणाला ठाऊक नाही. चित्र राहते, चितारी विसरला जातो. आज अशाच एका बाईंची गोष्ट सांगतो.

मग्दा नाखमन या १८८९ साली रशियातल्या सेंट पीटर्सबर्ग शहरात जन्मल्या. वडील ज्यू वंशाचे. १९१३ साली त्यांनी थोर रशियन कवयित्री मरीना त्सवेतायेवा हिचे चित्र काढले. पुढे लग्न केले ते आपल्याकडच्या क्रांतिकारकाशी! मद्रासचे एम. पी. टी. आचार्य, लंडनच्या इंडिया हाउसात हे सावरकरांचे सहकारी होते. १९२२ साली हे जोडपे बर्लिनला गेले.

१९३३ साली जर्मनीत हिटलर आला. माणूस कसा आहे हे कोण पाहतो? त्याचा आजा कोण, हे पाहू लागले. बर्लिनमध्येच चित्रकला शिकलेला फेलिक्स नुसबाउम हा ज्यू चित्रकार बेल्जममध्ये लपून राहिला. १९४४ साली त्याला पकडून आउशवित्झच्या छावणीत नेले, तिथेच त्याचा अंत झाला. असे सुमारे साठ लाख ज्यू मारले गेले.

मग्दाबाई वाचल्या, कारण १९३६ च्या सुमारास त्या मुंबईस आल्या. इथे त्यांनी कष्टकऱ्यांची, खेड्यांतल्या बायाबापड्यांची चित्रे काढली. १२ फेब्रुवारी १९५१ रोजी त्यांचे प्रदर्शन उघडायचे होते. त्याच दिवशी, काही तास आधी, त्या वारल्या. पुढे चित्रे पांगली. बर्लिनमध्ये काढलेले लेखक नाबोकोव्ह याचे चित्र तर हरवलेच. त्याचा फक्त फोटो उरला. लीना बर्नस्टाइन या विदुषीने तुकडा तुकडा गोळा करून २०२० साली त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले, तेव्हा कुठे जगाला त्यांची पुन्हा ओळख झाली.

जीव वाचविला म्हणजे माणूस वाचला, असे नाही. त्याचे नावही राखावे लागते. गुरुजनहो, शाळेत, देवळात, कोणाच्या ओसरीवर जुने चित्र असेल तर मुलांना विचारायला लावा, ‘हे कोणी काढले?’ उत्तर मिळाले, की नाव, गाव आणि साल वहीत टिपून ठेवा. सांगणारी म्हातारी माणसे आहेत तोवरच हे काम होण्यासारखे आहे.